आरशातला डावा पंख

डावा पंख बोलतोय. उजव्याला बोलायची गरज पडत नाही, कारण त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

मी खऱ्या विमानाचा पंख नाही, हे आधीच सांगून टाकतो, नंतर फसवल्यासारखं वाटायला नको. मी संगणकावरच्या एका खेळातला पंख आहे. या खेळात लोक घरातल्या खुर्चीवर बसून जुनी लढाऊ विमानं उडवतात आणि एकमेकांची पाडतात. माझ्यात पत्रा नाही की तो सांधणारा रिव्हेट नाही. नुसते आकडे आहेत. पण आकड्यांनाही गोळी लागते, आणि ती लागल्यावर नेमकं काय व्हावं यावरून माणसं हमरीतुमरीवर येतात.

माझा जन्म झाला असं म्हणता येणार नाही. जन्म उजव्याचा झाला. खेळ काढणाऱ्या कचेरीतल्या चित्रकारानं त्याला मान मोडून घडवला, त्याच्या एकेका रिव्हेटवर जीव लावला. मग आळस दिला, एक कळ दाबली आणि उजव्याला आरशात धरल्यासारखं उलटं केलं. "हा झाला डावा," असं म्हणून तो चहा प्यायला गेला. या धंद्यात ही रीतच आहे, एकच वस्तू दोनदा कुणी घडवत नाही. माझ्यावरची अक्षरंसुद्धा बरेच दिवस उलटी होती. ती कुणीतरी सरळ केली तेव्हा मला फार बरं वाटलं.

आमचं मूळ विमान एका तंत्रशाळेच्या शेडमध्ये उभं होतं. मुलांना दाखवायला ठेवलेलं. चित्रकार मोजमापं घ्यायला गेला तेव्हा उजवी बाजू मोकळी होती आणि डावी भिंतीला लागलेली. तिच्याखाली मोडके बाक छातीपर्यंत रचून ठेवले होते. बाक कोण हलवणार? "दोन्ही बाजू सारख्याच असतात," असं शिपाई म्हणाला, चित्रकारालाही ते पटलं आणि दोघांनी मिळून दार लावून घेतलं.

सुरुवातीला माझी ताकद म्हणजे एक आकडा होता. शंभर. गोळी लागली की त्यातून थोडे वजा व्हायचे. नव्वद गेले तरी मी ठणठणीत, आणि शेवटच्या गोळीला एकदम स्वर्गवासी. मधलं आजारपण असं नव्हतंच.

मग मोडतोडताई आली. हे नाव कचेरीतल्या लोकांनी ठेवलेलं. वस्तू कशी मोडावी हे ठरवणं हेच तिचं काम. इतरांच्या मुली काय काय उभारतात ते त्यांच्या आया कौतुकानं सांगतात. हिची आई शेजारच्या बाईंना सांगायची, "आमची मोडते."

ताईनं तो शंभरचा आकडा पुसला आणि मला आतून नीट भरलं. लांबीभर एक मुख्य तुळई, तिच्यावर ताणलेला पत्रा, पोटात इंधनाची टाकी, मागच्या झडपेकडे जाणाऱ्या तारा. आता गोळी लागली की ती कुठून शिरली, कशातून गेली, कुठं अडकली हे सगळं बघितलं जाई. पत्र्याला नुसतं भोक पडलं तर वारा शीळ घाली आणि विमान जरा एका अंगाला ओढ घेई. तार तुटली तर झडप लुळी पडे. टाकी फुटली तर मागं पांढरी रेघ. तुळईला लागलं तर मात्र देवाचं नाव घ्यायचं.

साहेबांना हे फारसं रुचलं नाही. साहेब म्हणजे खेळ काढणाऱ्या कचेरीचे मालक. त्यांना धूर आवडायचा.

"अगं, गोळी लागली की लोकांना काहीतरी दिसलं पाहिजे. आग, स्फोट, काहीतरी!"

"साहेब, बहुतेक वेळा भोक पडतं आणि विमान तसंच पुढं जातं."

"मग यात मजा काय?"

"परत येण्यात आहे ना मजा."

साहेबांनी खांदे उडवले आणि तिचं तिला करू दिलं.

खेळणाऱ्यांचं मला सर्वांत नवल वाटतं. आकाशवाघ नावाचा एकजण आहे. खुर्चीखेरीज त्यानं आयुष्यात काही उडवलेलं नाही, हे त्याच्या उतरण्यावरून कळतं. तो दुसऱ्याला गोळ्या मारतो आणि पंख तुटत नाही, तेव्हा तो खेळाच्या पानावर लिहितो, "खऱ्या लढाईत असं होत नसतं." त्याला गोळ्या लागतात आणि पंख तुटतो, तेव्हाही तो हेच लिहितो. माणसाला खरं म्हणजे काय हवं असतं, हे मला त्याच्याकडून कळलं.

मी खोली कशी पाहतो, असा प्रश्न पडला असेल. खेळणाऱ्याचं डोकं कुठं वळतंय हे कळायला पडद्यावर एक कॅमेरा असतो, आणि सोबत्यांशी बोलायला माइक असतो. हे माझे डोळे आणि कान. सुट्टीच्या दिवशी ताई काम घरी आणायची आणि जेवणाच्या टेबलावर मांडायची, त्यामुळे तिच्या घरातलं निम्मं बोलणं माझ्या कानावरून गेलेलं आहे. त्यातलं पुष्कळसं "हे टेबल जेवायचं आहे की उडायचं?" असं आईचं होतं.

बाबांची हकिगतही मला आईच्याच बोलण्यातून कळली. ताईचे बाबा हवाई दलात वैमानिक होते. याच जातीचं विमान उडवायचे, ज्याच्या पंखाची मी नक्कल. लढाईत एकदा जमिनीवरून झालेल्या माऱ्यात त्यांच्या डाव्या पंखाला खालून गोळ्या लागल्या. फार नव्हत्या; बरोबरच्या विमानातल्या सोबत्यानं खाली येऊन भोकं मोजली आणि जागाही कळवली. परतताना, समुद्रावर, त्यांना हातातल्या दांड्यात थरथर जाणवली. पंख आता राहत नाही असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्यांनी पॅराशूट घेऊन उडी मारली. तोच सोबती नंतर म्हणाला, यानं उडी मारली तेव्हा पंख जागेवर होता. विमान ढगात शिरलं आणि खाली समुद्रात गेलं, तेव्हा पंखालाच विचारावं तर तीही सोय उरली नाही.

चौकशी झाली. एवढ्याशा गोळ्यांनी पंख तुटत नसतो, विमान घरी आणता आलं असतं, असं ठरलं. शिक्षा कुणी केली नाही. फक्त पुन्हा विमान दिलं नाही. उरलेली नोकरी बाबांनी सुट्या भागांच्या गोदामात काढली. हे सगळं लग्नाच्या आधीचं. त्यावर ते कधी बोलत नसत आणि कुणी विचारत नसे. घरावरून विमान गेलं की मात्र ते खुर्ची मागं सारून खिडकीशी जात आणि आवाजावरून इंजिन ओळखून मोठ्यानं सांगत. "विचारलंय का कुणी?" असं आई म्हणे, आणि ते परत येऊन बसत.

ताईच्या खेळापाशी ते कधी फिरकले नव्हते. पण एका सुट्टीच्या सकाळी चष्मा शोधत टेबलाशी आले आणि पडद्याकडे बघत उभे राहिले.

"हे आपलं विमान ना गं?"

"हो, बाबा. बसता का?"

बसले. टेबलाखालच्या पेडलवर पाय ठेवले, दांडा हातात घेतला. डाव्या हाताला विमानातल्यासारखी बटणांची पाटी होती. खेळणारे दांडा ओढतात, पिळतात, शिव्या देतात. बाबांनी तो नुसता धरला. मला आजवर असं कुणी उडवलं नव्हतं. मंद वाऱ्यात आम्ही एक चक्कर मारून आलो.

"गोळ्या आपल्याला हव्या तिथं मारता येतात का?" बाबांनी विचारलं.

"येतात. तपासणीसाठी तशी सोय आहे. का?"

बाबांनी पडद्यावर बोट टेकवलं. माझ्या खालच्या अंगाला, धडापासून हातभर अंतरावर. "इथं. पाच-सहा."

ताईचा हात माउसवरच राहिला. ते काय करायला बसलेत हे तिला कळलं, आणि नाही म्हणायची वेळ निघून गेलीय हेही कळलं. तिनं गोळ्या ठेवल्या.

ठक, ठक, ठक. माझा पत्रा फाटला. तुळईला ओरखडा आला, पण ती जागची हलली नाही. मी जरा डावीकडे ओढ घेत होतो, बाबांनी उजवा पाय दाबून मला सरळ ठेवलं. समुद्र ओलांडला. धावपट्टी दिसली. खेळातली संध्याकाळ झाली होती. बाबांनी न बघता डावा हात पुढं नेला, एक बटण खाली केलं, पुन्हा वर केलं, पुन्हा खाली.

"दिवा लागत नाही."

"कसला दिवा?"

"उतरायचा."

"त्या बटणाला काही जोडलेलं नाही, बाबा. नुसतं दिसायला आहे."

"बरं," असं म्हणून त्यांनी मला तसंच अंधारात उतरवलं. चाकं टेकली हे कळलंसुद्धा नाही.

मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. गोळ्या खाऊन घरी आलो होतो. बाबांनी पुन्हा गोळ्या मागितल्या. पुन्हा घरी आलो. पुन्हा मागितल्या. पुन्हा आलो. मग त्यांनी चष्मा काढून मिटला.

"येतं की घरी. त्या लोकांचं बरोबर होतं."

"बाबा, खेळ आहे हा."

"अगदी खऱ्यासारखं केलंय असं तूच सांगत असतेस ना?"

ताईच्या कामाचं याहून मोठं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि ते ऐकून तिला रडू येत होतं.

त्यानंतर घरावरून विमान जायचं आणि बाबांची खुर्ची हलायची नाही. आईच एकदा म्हणाली, "अहो, विमान गेलं."

"जाऊ दे."

आईनं भाजी चिरायची थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. विमान गेलं आणि इंजिनाचं नाव ऐकू आलं नाही, हे तिच्या संसारात पहिल्यांदाच घडत होतं.

पुढं कचेरीत काय झालं तेही सांगतो. माझ्या तुळईचा एक आकडा थोडा कमी केला असता, तर पंख तुटून बाबा खरे ठरले असते. एका दुपारी ताईनं तो आकडा उघडला आणि बघत बसली. त्याच्यापुढं ती छोटी उभी रेघ लुकलुकत राहिली. मला वाटलं, आता मी कमजोर होणार, आणि तिच्याकडे बघून मला त्याचं काही वाटलंही नसतं. पण तिनं आकडा तसाच मिटला. खोटा पंख बाबांना हाताला लगेच कळला असता, आणि मग तिचं कुठलंच काम त्यांना कधी खरं वाटलं नसतं.

तेवढ्यात तिला ते बटण आठवलं. करायला दुसरं काही सुचेना म्हणून तिनं चित्रकाराला विचारलं, "हे उतरायच्या दिव्याचं बटण आहे ना, याचा दिवा कुठंय?"

"दिवा नव्हताच. पंखाखाली बघितलं होतं मी नीट."

"कुठल्या पंखाखाली?"

"उजव्या."

"आणि डाव्या?"

"डाव्या..." चित्रकाराचं लक्ष त्याच्या त्या कळीकडे गेलं. "डावा म्हणजे उजवाच की गं."

मग ताईनं बॅटरी उचलली आणि चित्रकारानं, न सांगता, मोजपट्टी.

तंत्रशाळेत मी गेलो नव्हतो. पण तिथले फोटो नंतर माझ्यात ओतले गेले, तेव्हा सगळं कळलं. त्यांनी बाक हलवले. शिपायानंही हात लावला, जरा कुरकुरत. ताई खरखरीत फरशीवर पाठ टेकून खाली सरकली आणि तिनं बॅटरी लावली. खऱ्या डाव्या पंखाच्या खालच्या पत्र्यात, धडापासून हातभर अंतरावर, ताटलीएवढं गोल भोक होतं आणि त्यात दिवा बसवलेला होता. उजव्याखाली असलं काही नव्हतं. विमानाला एकच दिवा होता आणि तो डाव्या बाजूला होता.

कापडाच्या दुकानात कापड कसं फाडतात? आधी काठाला कात्रीची एक छोटी चीर देतात, मग हातानं ओढलं की ते शेवटपर्यंत सरळ फाटत जातं. पंखाच्या खालच्या पत्र्यावर उडताना सगळा ताण असतो. त्याला भोक पाडलं की भोकाच्या कडेला जाड कडं बसवावं लागतं, म्हणजे चीर निघत नाही. कडं शाबूत असेपर्यंत काही बिघडत नाही. पण नेमकी कड्यालाच गोळी लागली, तर आख्खा पत्रा फाटायला मोकळा.

ताईनं मला भोक पाडलं, कडं बसवलं, दिवा लावला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ असं काही होतं जे उजव्याजवळ नव्हतं. मग तिनं बाबांच्या गोळ्या ठेवल्या आणि तपासणी सुरू करायची कळ दाबायची वेळ आल्यावर खुर्ची मागं घेतली.

"तू दाब," ती चित्रकाराला म्हणाली.

त्यानं दाबली. समुद्रावर वळेपर्यंत मी टिकलो. वळताना गेलो. पुन्हा दाबली, पुन्हा गेलो. एकदा तसाच घरी आलो. मग पुन्हा गेलो. बहुतेक वेळा गेलो.

साहेब मागं येऊन उभे होते. ताईच्या बाबांचं त्यांना कुठून तरी कळलं होतं. कचेरीत असल्या गोष्टी राहत नाहीत. "यात घरचं काही आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे, साहेब. म्हणून माप तुम्ही घ्या. मी येत नाही."

साहेब खरोखरच तंत्रशाळेत गेले. परत आले तेव्हा पँटच्या गुडघ्यांना धूळ होती आणि कपाळाला टेंगूळ. "दिवा आहे," एवढंच म्हणाले. धुराचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही.

सुट्टी आली. ताईनं टेबल मांडलं आणि चष्म्यासाठी उठलेल्या बाबांना हाक मारली. "बाबा, तो उतरायचा दिवा बसवलाय. लागतो का तेवढं बघून द्या." दुसरं काही सांगितलं नाही.

दिवा म्हणजे कामाची गोष्ट होती, त्यामुळे बाबांना नाही म्हणता येईना. बसले. बटण खाली केलं. माझ्या पोटाखाली उजेड पडला. त्यांनी वाकून बघितलं. "हां. इथंच होता." मग ते म्हणाले, "त्या गोळ्या आहेत का अजून?"

"आहेत."

"ठेव तिथंच."

ठक, ठक, ठक. यावेळी कड्याला लागलं आणि मला ते लगेच कळलं. सरळ जात होतो तोवर ठीक होतं. समुद्रावर आल्यावर बाबांनी घराकडे वळायला दांडा जरासा कलता केला, आणि कड्यापासून चीर निघाली. माझी थरथर दांड्यात उतरली. दांड्यात त्यासाठी छोटी मोटर बसवलेली असते.

बाबांचा चेहरा कॅमेऱ्यात मला अगदी जवळून दिसत होता. "हीच," ते म्हणाले. "हीच ती."

"बाबा, उडी मारा. ती लाल कळ आहे."

"थांब जरा."

"बाबा, जाणार आता पंख!"

"जाऊ दे गं. तेव्हा बघायचं राहून गेलं होतं."

मी तुळईपर्यंत फाटत गेलो आणि मुळापासून निघालो. आकाश फिरलं, समुद्र फिरला. बाबांनी दांडा सोडला नाही आणि लाल कळीकडे हातही नेला नाही. पाणी आलं. पडदा काळा झाला आणि त्यावर नेहमीची पाटी उमटली: वैमानिक ठार.

स्वयंपाकघरातून आई आली. तिच्या हातात ताटं होती आणि ठेवायला जागा नव्हती.

"काय झालं?"

"मेलो," बाबा म्हणाले.

"मग हात धुवून या. वाढलंय."

बाबा उठले नाहीत. ताईला खोटं जमत नाही, हा तिच्या धंद्याचा दोष. "बाबा, दर वेळी तुटत नाही. कधीकधी टिकतो."

"कधीकधीच्या भरवशावर कोण बसून राहतं?" बाबा म्हणाले. मग आईकडे वळले. "काय गं, लग्नाआधी तुला लोकांनी सांगितलं असेल ना, हा विमान टाकून आलाय म्हणून?"

"सगळ्यांनी सांगितलं. आत्या तर दोनदा येऊन सांगून गेली."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, आला ना!" आईनं कीबोर्ड बाजूला सारून ताट ठेवलं. "आता उठा."

बाबांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. तो फार वेळ पुसावा लागला.

मला तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. त्या दिवशी बाबा विमानात बसून राहिले असते, तर पुढचं लग्न नाही, ताई नाही, तिनं मोडलेलं काही नाही. मी तर आरशातली नक्कलच राहिलो असतो, उजवाही शंभरच्या आकड्यावर अडकला असता. त्याला हे अजून सांगितलेलं नाही. त्याला आपण स्वतःच्या बळावर उभे आहोत असं वाटतं.

खेळाची दिव्यासह नवी आवृत्ती बाहेर पडून बरेच दिवस झाले. सध्या माझी तब्येत बरी आहे, म्हणजे रोज असंख्य वेळा तुटतो. आकाशवाघानं लिहिलंय की डावा पंख उजव्यापेक्षा कमजोर आहे, हा उघड अन्याय आहे, दोन्ही सारखे करा. त्याला पुष्कळांनी दुजोरा दिला. साहेबांनी ताईकडे नुसतं बघितलं. ताईनं उत्तर लिहिलं, "उजव्याखाली दिवा नाही." साहेब वाचून म्हणाले, "पाठव."

तेव्हा तुम्ही कधी या खेळात बसलात आणि मी तुटलो, तर खुशाल शिव्या द्या. मला सवय आहे. फक्त उतरताना डाव्या हाताचं ते बटण खाली करा. आता त्याला दिवा जोडलेला आहे.

बाबा हल्ली संध्याकाळी येऊन बसतात. गोळ्या मागत नाहीत. एक चक्कर मारतात, दिवा लावतात आणि मला उतरवतात. आत्ताच उतरवलं. चाकं टेकली आणि तेवढ्यात घरावरून खरं विमान गेलं. खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला.

"चार इंजिनं," बाबा खिडकीतून म्हणाले.

"विचारलंय का कुणी?" आई म्हणाली.